'द स्टोन एंजल'मधली हेगर: मानी म्हणायची की ताठ्याची?

निपाणीची सून:

नमस्कार. मी इथं बरीच वर्षं नुसती वाचत आले, लिहायला आज पहिल्यांदा बसले. लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलीला एम.ए.ला कॅनडाच्या साहित्याचा पेपर होता. परीक्षा संपल्यावर ती पुस्तकं घरात टाकून पुण्याला गेली. त्यातली मार्गारेट लॉरेन्सची 'द स्टोन एंजल' ही १९६४ ची कादंबरी मी हातात घेतली, ती एवढ्याचसाठी की गोष्ट नव्वद वर्षांच्या म्हातारीची आहे आणि माझ्या घरात सत्त्याऐंशीच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, आहेत. दुपारची भांडी आवरली की चार-पाच पानं, शेजारी डिक्शनरी. दोन महिने लागले. संपून आठ दिवस झाले तरी ती बाई डोक्यातून जात नाही.

वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मॅनावाका नावाचं गाव, लेखिकेनं मनानं रचलेलं. तिथल्या दुकानदाराची, जेसन करीची, ही मुलगी हेगर. ती जन्मली आणि आई गेली. बापानं बायकोच्या थडग्यावर बसवायला थेट इटलीहून संगमरवरी देवदूत आणवला. त्याच्या डोळ्यांत बुबुळंच कोरलेली नाहीत. बापाचं न ऐकता हेगर ब्रॅम शिपली नावाच्या रांगड्या शेतकऱ्याशी लग्न करते, बाप कायमचा तोडतो. दोन मुलगे होतात, मार्विन आणि जॉन. पुढं नवऱ्यालाही सोडून ती धाकट्या जॉनला घेऊन निघते आणि परक्याच्या घरी घर सांभाळायचं काम धरते. हे सगळं ती नव्वदीत आठवत बसलेली असते. राहते मार्विनकडे, आणि तो नि त्याची बायको डॉरिस तिला वृद्धाश्रमात ठेवायच्या विचारात असतात.

आता जिथं मी अडकले ते सांगते. हेगरचा भाऊ डॅन नदीच्या बर्फातून खाली पाण्यात पडतो, भिजतो, तापानं फणफणतो. वाचणार नाही हे दिसत असतं. तो आईला हाका मारतो. दुसरा भाऊ मॅट आईची जुनी शाल काढतो आणि हेगरला म्हणतो, ही पांघर, त्याच्याजवळ बस, त्याला आई आल्यासारखं वाटू दे. हेगरला करायचं असतं आणि तिच्याच्यानं होत नाही. शेवटी मॅटच शाल पांघरून त्याला धरून बसतो.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून मी परड्यात जाऊन उभी राहिले.

आमच्या आत्तींचं माहेर चिकोडीकडचं, खात्यापित्या घरातलं. मामा, म्हणजे माझे सासरे, लवकर गेले तेव्हा माझे मिस्टर दहा वर्षांचे होते. दोन एकर तंबाखू, डोक्यावर देणं. आत्ती हंगामात निपाणीच्या वखारीत जायला लागल्या. तंबाखू चाळायचा, दिवसभर नाकातोंडात धूळ, घरी आल्या तरी लुगड्याला तोच वास. माहेरी कळवलं नव्हतं. कळलं ते कुणाच्या तरी लग्नात, आणि थोरले भाऊ पंगतीत म्हणाले की आमच्या घरची लेक वखारीत जाते हे चारचौघांत सांगायचं कसं. आत्ती भरल्या ताटावरनं उठल्या. त्यानंतर माहेरचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. भाऊबीजेला भाऊ कुणाच्या तरी हाती लुगडं पाठवायचे, ते घडी न मोडता परत जायचं. तंबाखू शेतकऱ्यांच्या १९८१ च्या आंदोलनात याच आत्ती बायकांबरोबर हायवेवर बसल्या होत्या, आणि ते अजून छाती काढून सांगतात.

मी लग्न होऊन आल्यावरची गोष्ट. भाऊ कोल्हापुरात दवाखान्यात होते, आता काही खरं नाही म्हणून त्यांचा मुलगा जीप घेऊन न्यायला आला. आत्ती सोप्यात तांदूळ पाखडत होत्या. त्याला म्हणाल्या, "जेवून जा." उठल्या नाहीत. तो न जेवताच गेला. मी बघत होते, सुपातले तांदूळ केव्हाच डब्यात ओतून झाले होते आणि आत्ती रिकामं सूप पाखडत होत्या.

मला त्या वेळी भयंकर राग आला होता. एवढा कसला ताठा? आणि सगळी भावकी मात्र अजून म्हणते, बाई मानी, कुणापुढं हात पसरला नाही. दोन्ही खरंच आहे.

हेगर शेवटी स्वतःशी कबूल करते की अभिमान हेच तिचं रान होतं आणि त्या रानात तिला भीतीनं नेलं. मला इथंच कळेना. कसली भीती? आत्तींना मी कशाला भिताना बघितलं नाही. आताही न्हाणीला आतून कडी घालतात. लुगडं स्वतःच नेसतात. बोटं थरथरतात, निऱ्या सुटतात, परत घालतात. मी दाराबाहेर उभी. "आत्ती, येऊ का?" म्हटलं की आतून, "मी काय मेलो न्हाई अजून." कधी वीस मिनिटं, कधी जास्त.

डॉरिस कादंबरीत वाईट नाही. रात्री उठून ओल्या चादरी बदलते आणि वर बोलणी खाते. तिच्याविषयी हेगर जे जे मनात म्हणते ते वाचताना मला लागत होतं. तरी सगळ्यात जीव जडला तो हेगरवरच. हे असं का व्हावं? तुम्ही ही बाई कशी वाचता, सांगा.

---

शहापूरकर:

ताई, चांगलं लिहिलंय, पण मी थोडा वाद घालणार.

आपण 'मोडेन पण वाकणार नाही' असं लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या बेळगाव भागात तर सीमाप्रश्नात १९५६ पासून तीन पिढ्या त्याच जोरावर उभ्या आहेत. असल्या मातीतल्या माणसानं हेगरला 'ताठ्याची' म्हणणं मला पटत नाही. तिच्याकडं दुसरं होतं तरी काय? बापानं सगळा पैसा गावाला दिला, तिला फुटकी कवडी नाही. नवरा चारचौघांत लाज आणणारा. शिकून आलेली मुलगी, शिक्षिका व्हायचं म्हणत होती, तेही बापानं होऊ दिलं नाही, दुकानाचे हिशेब लिहायला बसवलं.

अंडी विकायचा प्रसंग आठवा. जॉनला बरोबर घेऊन दारोदार अंडी विकत फिरते. एका दारात छोटी मुलगी उघडायला येते आणि आत वळून आईला सांगते, अंडीवाली आली आहे. ती आई म्हणजे लॉटी, हेगरची शाळेतली, तेव्हा हिच्यापेक्षा खालची समजली जाणारी. त्यानंतर हेगर आरशात बघते तर तिला स्वतःची ओळख पटत नाही. पुरुषाचा जुना कोट, उन्हावाऱ्यानं रापलेला चेहरा. तिथून ती ठरवते की हे घर सोडायचं. इथं मान नसता तर ती आयुष्यभर तशीच अंडी विकत राहिली असती.

माझी आई मागावर बसायची. साडी घ्यायला येणारे शेठ दर पाडून मागायचे. आई साडीची घडी घालून आत निघून जायची, त्या दिवशी चूल पेटो न पेटो. आम्ही पोरं चिडायचो. आज मला तिचं तेच एक आठवतं आणि मान ताठ होते.

तुमच्या आत्तींनी ताटावरून उठायलाच हवं होतं. भावानं चारचौघांत बोलायचं आणि बहिणीनं चार घास गिळून घ्यायचे, हे कुठलं?

---

मलप्रभेकाठचा मास्तर:

मी खानापूर तालुक्यातला, शाळेतून रिटायर झालेला. ही कादंबरी मी दोनदा वाचली आहे, म्हणून जरा सविस्तर.

शहापूरकर, ताटावरून उठणं मलाही मान्य. तो मान झाला. पण मरणाऱ्या भावाकडं न जाणं हे त्याच खात्यात घालता येईल का? हेगरचा अभिमान कुणापुढं चालतो ते बघा. बापापुढं तिनं हट्टानं केलं ते एक लग्न. बाकी तो सगळा खर्च होतो तो डॅनवर, ब्रॅमवर, जॉनवर, म्हणजे जे तिच्याकडं काहीतरी मागत होते त्यांच्यावर. नवऱ्याचा स्पर्श तिला हवासा वाटतो, पण ते ती त्याला आयुष्यभर कळू देत नाही, अंगातली थरथरसुद्धा आतल्या आत ठेवते. त्या माणसाला शेवटपर्यंत वाटत राहिलं असणार की आपण हिला नकोसे आहोत. हे मला अंड्यांच्या प्रसंगापेक्षा जड जातं.

आणि हे आलं कुठून, तेही लेखिकेनं अगदी सुरुवातीला सांगून ठेवलं आहे. हेगर लहान असताना दुकानात गिऱ्हाइकासमोर बोलून जाते की बेदाण्यात किडे आहेत. बाप आत नेऊन तळहातावर पट्टीनं मारतो. ती रडत नाही, त्याला डोळ्यांतलं पाणी दिसू देत नाही. आणि बापाला त्याचंच कौतुक वाटतं! पोरीला कणा आहे, माझ्यावर गेली, मुलगा असती तर. म्हणजे न रडल्याबद्दलचं पहिलं बक्षीस तिला बापाच्या हातून मिळालं. आपल्याकडं तरी वेगळं काय करतो? लस टोचल्यावर न रडलेल्या पोराला आपण 'शाब्बास वाघा' म्हणतो. मी वर्गात किती पोरांना म्हटलं असेन.

आता ताईंचा प्रश्न, भीती कसली. माझ्या मते उत्तर शालीतच आहे. हेगरनं आई पाहिलेली नाही. ऐकलेलं एवढंच की आई नाजूक होती, दबून राहणारी होती आणि डॅन तिच्यावर गेलाय. डॅनचा तो अशक्तपणा हेगरला आवडत नाही, तिरस्कारच म्हणा. ती शाल पांघरणं म्हणजे थोडा वेळ का होईना ती दुबळी बाई होणं. बापानं जिला कणा आहे म्हणून उचलून धरलं त्या पोरीला तेवढंच जमणारं नव्हतं. भाऊ नकोसा होता म्हणून नव्हे. तिला वाटत होतं, एकदा ते कापड अंगावर आलं की ते उतरणार नाही.

जॉन मरतो त्या रात्रीचं वाचा परत. पैज मारून तो ट्रक रेल्वेच्या पुलावरून नेतो, बरोबर आर्लीन, त्याच लॉटीची मुलगी, जिनं लहानपणी अंडीवालीला दार उघडलं होतं. समोरून मालगाडी येते. त्या दोघांना लांब करायचा बेत त्यांच्या आयांनीच आखलेला होता, हे हेगरला पुरतं ठाऊक. दवाखान्यातली बाई तिच्या खांद्यावर हात टाकते, रडून घ्या म्हणते. हेगर पाठ ताठ करते, परक्यांसमोर रडत नाही. आणि मग घरी एकटीला रडायचं असतं तेव्हा रडूच येत नाही. थडग्यावरचा दगड इथं तिच्यात उतरतो. आपण 'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' असं म्हणतो, पण सुंभ जळताना काय होतं ते इथं वाचायला मिळतं.

ताई, एक विचारतो, राग मानू नका. मामा गेले तेव्हा आत्ती रडल्या होत्या का? आणि नसतील, तर त्याबद्दल त्यांना कुणी शाबासकी दिली होती?

---

रात्रपाळी:

मी बेळगावात नर्स आहे, सव्वीस वर्षं झाली. पुस्तक वाचलेलं नव्हतं. हा धागा वाचून मिळवलं, आणि दवाखान्याचा शेवटचा भाग आधी वाचला, कारण मला तेवढंच कळतं.

त्यात आधी मोठ्या वॉर्डात कुरकुर करणारी हेगर नंतर एका तरुण मुलीच्या शेजारी येते. त्या पोरीचं ऑपरेशन झालेलं, तिला उठता येत नाही, बेडपॅन हवं असतं, बेल वाजवून कुणी येत नाही. ही नव्वदीची, आतून पोखरलेली बाई पलंगावरून उतरते, धरत धरत संडासापर्यंत जाते आणि बेडपॅन आणून देते. नर्स येऊन ओरडते. मग दोघी हसत सुटतात. मी असं एकदा पाहिलं आहे. गुडघ्याचा चुरा झालेल्या आजीनं शेजारणीला पाणी दिलं होतं, खाट धरून. त्या दिवशी आजी जेवली, तीन दिवसांत पहिल्यांदा.

म्हणून मला वाटतं अभिमान तिचा जात नाही. 'मी करीन' हेच तिचं शेवटपर्यंत आहे. पहिल्यांदाच तो दुसऱ्याच्या उपयोगी पडला, एवढंच. पुढं मार्विनला ती सांगते की तू जॉनपेक्षा चांगला मुलगा होतास. नव्वद वर्षांत मोकळेपणानं केलेल्या गोष्टी ती मोजते तेव्हा दोनच निघतात, आणि हे त्यातलं एक. ती त्याला खोटं म्हणते, आणि लगेच म्हणते की अगदी खोटंही नाही. मी मार्विनसाठी रडले. किती वर्षं वाट बघितली असेल त्यानं. शेवटच्या पानावरही पाण्याचा ग्लास ती दुसऱ्याला धरू देत नाही, स्वतःच्या हातात ओढून घेते.

ताई, कडीचं मात्र आजच बघा. बाहेरून नाण्यानं उघडता येते अशी कडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, आतून ती नेहमीसारखीच लागते. त्यांना कडी लावल्याचं समाधान राहील. न्हाणीत प्लास्टिकचं नको, जड लाकडी स्टूल ठेवा, आणि भिंतीला धरायला दांडी, लुगडं टाकायची म्हणून सांगा. दाराबाहेर उभं राहून सारखी हाक मारू नका. हाक आली की म्हातारं माणूस घाई करतं, आणि पडतं ते घाईनंच. शेजारच्या खोलीत भांड्यांचा आवाज करत राहा, म्हणजे माणूस जवळ आहे हे त्यांना कळतं.

---

निपाणीची सून:

सगळ्यांचे आभार. कडी बदलली. दांडीपण लावली, आत्ती तिच्यावर खरंच लुगडं टाकतात.

मास्तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी मिस्टरांना विचारलं. ते म्हणाले, आई रडली नव्हती. आणि मामांना उचलून नेल्यावर आत्तींचा भाऊच म्हणाला होता, "आमची बहीण वाघीण हाय, बघा, डोळ्याला पदर लावला न्हाई." तोच भाऊ. हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.

शहापूरकर, तुमची आई आणि तिची साडीची घडी माझ्या मनात राहिली. ताटावरून उठल्याचा राग मला कधीच नव्हता. राग रिकाम्या सुपाचा होता. आता तो तसा राहिला नाही, त्याचं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही.

परवा एक धाडस केलं. संध्याकाळी आत्ती सोप्यात बसल्या होत्या. म्हटलं, एक गोष्ट वाचते, बाहेरच्या देशातली. आणि शालीचं पान मी मराठीत करत करत सांगितलं. नदी, बर्फ, ताप, भाऊ. नावं बदलली नाहीत. आत्ती मला वाटलं ऐकत नाहीत, वातीसाठी कापूस पिंजत होत्या.

शालीपाशी आल्यावर थांबल्या. "मग? पांघरली न्हाई?"

"नाही."

"का?"

मी काही बोलले नाही. मलाच त्यांच्याकडून ऐकायचं होतं, खरं सांगते.

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "भ्याली आसंल पोरगी. मेल्या बाईचं कापड ते."

मास्तरांचं उत्तर त्यांना कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

मग कापूस पुन्हा हातात घेतला. दोन वाती झाल्या असतील. म्हणाल्या, "आमच्या दादाला दमा हुता. थंडीत रातभर बसून काढायचा. मी पाठ चोळायचो ल्हान असताना." या घरात येऊन मला तेहतीस वर्षं झाली, 'दादा' हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. पुढं काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. मिस्टर शेतातून आले तेव्हा आम्ही दोघी नुसत्याच बसलो होतो, दिवा लावायचा राहिला होता.

उठताना विचारलं, "त्या दुसऱ्या भावानं पांघरली म्हणालीस न्हवं?"

"हो आत्ती. मॅटनं."

"बरं केलं त्यानं."

न्हाणीची कडी आजही आतून लागली. लुगड्याला आज पंचवीस मिनिटं. मी स्वयंपाकघरात डबे वाजवत होते, रात्रपाळीताईंनी सांगितलं तसं. बाहेर आल्या, पदर नीट केला, आणि चहा घेताना म्हणाल्या की ती पोरगी पुढं काय करती ते सांगितलं न्हाईस. मी म्हटलं, लग्न करते, मग अंडी विकते. कप खाली ठेवून माझ्याकडं बघितलं. "अंडी? दारोदार?"

आज दुपारी तेवढं वाचायचं ठरलं आहे.